माझे पाणी, त्यांची रुई

आमच्या घरात पाणी शिंपडणे ही विद्या मानली जाई. आम्ही माळी. अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या वाटेला लागून आमचा लहानसा मळा होता. त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि सणासुदीपुरता झेंडू निघे. भाजी पहाटे काढायची, टोपलीत रचायची आणि अमरावतीच्या बाजारात पोचेपर्यंत ती ताजी राहील एवढेच पाणी तिच्यावर मारायचे. जास्त झाले तर देठ काळे पडतात, कमी झाले तर पान मान टाकते. वडील म्हणत, पान भिजलं पायजे, पण ओलं दिसू नये. कडुनिंबाचा डहाळा पाण्यात बुडवायचा, एकदा झटकायचा आणि मनगट ढिले सोडून असा फिरवायचा की पाणी पडताना दिसू नये, नुसते उतरावे. मला हे जमायला कैक वर्षे लागली. त्या पाण्याने मेथीच्या जुडीचे वजन वाढे, हेही खरेच. पण त्याला लबाडी म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. उलट गिऱ्हाईकच विचारी, आज पाणी नाही मारलं काय भाजीवर?

हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे अकोल्याच्या कचेरीत मला ते कोणालाही समजावून देता आले नाही.

मी तेव्हा तिशीत होतो. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस यायचा थांबला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमचे वऱ्हाड आठवले होते. जिथे ज्वारी होती तिथे कापसाची पऱ्हाटी आली, जिथे पऱ्हाटी होती तिथे ती आणखी दाट झाली. लोकांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावरसुद्धा, सरकी टोचली. आजूबाजूच्या माळ्यांनी वांगी उपटून कापूस लावला. आम्ही भाजीच करत राहिलो, त्यात शहाणपण काही नव्हते. वडील ऐकत नव्हते, एवढेच.

आमच्या मळ्याला लागून एका कुणब्याचे शेत होते. गृहस्थ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, अंगाने रुंद आणि बोलायला मोकळे. मी त्यांना दादा म्हणत असे. त्यांच्या शेतात चांगली काळी माती होती आणि विहीर मात्र खारी. पश्चिमेकडे गेले की आमच्या भागात हे असेच. एका धुऱ्याच्या अलीकडे पाणी गोड असते आणि पलीकडे बैलही तोंड लावत नाहीत. त्यामुळे दादांच्या घरचे पिण्याचे पाणी वर्षानुवर्षे आमच्या विहिरीवरून जाई. कोणी पाणी मागितले तर कशाला पाहिजे असे विचारायची आमच्याकडे रीत नव्हती. आजही नाही.

एका हिवाळ्यात दादा हंड्याऐवजी मोठे रांजण घेऊन येऊ लागले. दोन रांजण, मग चार. मी विचारले नाही. पण मळ्यात उभे राहिले की त्यांचे खळे समोर दिसे, आणि मला डोळे होते. रुई काढून झाली होती. गोणपाटाच्या मोठ्या पोत्यात ती थरावर थर टाकून, पायाने तुडवून भरत होते. अशा ठासून भरलेल्या पोत्याला आम्ही डोकडा म्हणतो. प्रत्येक थरावर दादा लोट्याने पाणी ओतत होते. रुई तोलावर विकली जाते आणि पाण्याला वजन असते, यापलीकडे त्यात गूढ काही नव्हते. स्वतःच्या विहिरीचे पाणी ते वापरू शकत नव्हते. खारे पाणी वाळले की रुईवर पांढरे डाग उमटतात आणि दलालाला ते लांबून दिसतात. लबाडीला गोडे पाणी लागत होते, आणि गोडे पाणी माझ्याकडे होते.

इथपर्यंत माझा दोष गप्प राहण्याचा होता. मी तिथेच थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण दादा पाणी फार वाईट मारत होते. लोट्याची धार एका जागी पडे, रुईचा तिथे गोळा होई, आणि बाजूचा थर कोरडा राही. मला ते बघवेना. तीन दिवस मी दुसरीकडे तोंड करून खुरपत राहिलो. चौथ्या दिवशी धुरा ओलांडला.

मी म्हणालो, "दादा, म्हशी धुऊन राहिले काय?"

दादा दचकले, मग हसले. "दिसलं काय तुले?"

"आंधयाले दिसंन. दलालानं हात घातला तं त्याच्या हाताले चिखल लागंन."

"मंग तूच सांग ना बाप्पा. तू तं पाण्यातला माणूस."

त्या वाक्याने माझा घात केला. मी सांगितले नाही, करूनच दाखवले. निंबाचा डहाळा तोडला, झटकला, आणि त्या थरावर एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून हात फिरवला. दादांनी रुईत बोटे घातली. वर कोरडी लागत होती, आणि चिमूट उचलली तर जड.

"मायबाप," ते हळूच म्हणाले. "हे तं धुकं हाये."

माझ्या विद्येला बाहेरच्या माणसाने धुके म्हटल्याचे मला किती बरे वाटले, ते सांगायला आज लाज वाटते. भाजीवर शिंपडताना मला कधी कोणी शाबासकी दिली नव्हती. मी त्यांना शिकवायला लागलो. दादा हाताने जड होते, पण चिकाटीचे होते. पंधरा दिवसांत त्यांचे मनगट सुटले. पुढे मी नुसता धुऱ्यावर उभा राहून सांगे, डाव्या कोपऱ्यात जास्त झालं, हा थर सोडा. मोबदल्यात मी काही घेतले नाही. वैनींनी एकदा तुरीच्या शेंगा पाठवल्या. मी टोपली रिकामी कशी परत करणार, म्हणून वांगी घालून पाठवली.

मग गावात दवंडी फिरली. सरकारचा नवा फौजदारी कायदा आहे, कापसात पाणी, रेती किंवा सरकी मिसळून विकणे हा गुन्हा आहे, आणि जो हा गुन्हा करील त्याला, तसेच जो जाणूनबुजून त्याला मदत करील किंवा चिथावणी देईल त्यालाही शिक्षा होईल. दादा आणि मी धुऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून ते ऐकत होतो. दवंडीवाला पुढे गेला.

"मदत म्हणजे काय रे?" दादांनी विचारले.

"म्हणजे हात लावणं अशीन."

"तू आता हात लावते काय?"

"नाई. पयले लावला होता."

"तवा दवंडी नोती." दादांनी थोडा विचार केला. "आन् चिथावणी?"

"कर म्हणून सांगणं."

"तू तं कमी कर म्हणूनच सांगून राहिला."

हा मुद्दा मला तेव्हा पटला. आम्ही दोघेही कायद्याचे अभ्यासक नव्हतो, पण आपल्या सोयीचा अर्थ काढायला अभ्यास लागत नाही. दादांचे आणखी एक म्हणणे होते. कापूस शेवटी मुंबईला जातो, मुंबईची हवा समुद्राची, तिथे तो ओला होणारच. "आपण फक्त मुंबईची हवा इथूनच भरून देऊन राहिलो," ते म्हणाले, आणि डोकड्याचे तोंड शिवायला बसले. मी त्यांना दाभण दिला. तो दाभण दवंडीनंतरचा होता.

रेल्वे तेव्हा अकोल्यापर्यंत आली होती, बडनेऱ्याकडे रूळ अजून पडत होते. भाव अकोल्याला बरा मिळे म्हणून दादा स्वतः गाड्या जुंपून माल तिकडे नेत. दोन फेऱ्या सुखरूप झाल्या. तिसऱ्या फेरीचा माल व्यापाऱ्याने विकत घेतला आणि रेल्वेच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मिळेनात म्हणून तो स्टेशनाबाहेर पडून राहिला. एक आठवडा, दोन आठवडे. मग एका हमालाने डोकड्याला पाठ टेकली आणि तो उठून उभा राहिला, कारण डोकडा गरम होता.

उसवून पाहिले तर आत सरकी उगवली होती. सरकी वेगळी करायच्या रेच्यावर घाईघाईने काढलेल्या रुईत सरकी थोडीफार राहतेच. दुसऱ्या शेतकऱ्यांचेही ओले डोकडे तिथे होते. लोट्याने पाणी ओतलेले ते डोकडे आतून कुजून काळे पडले होते. दादांच्या डोकड्यात काही कुजले नव्हते. प्रत्येक थरात सारखी ओल, सारखी ऊब, आणि जिथे जिथे सरकीचा दाणा होता तिथे तिथे बोटभर पांढरा कोंब. माझ्या वडिलांनी पाहिले असते तर त्यांना अभिमान वाटला असता.

दादांना शिपाई घेऊन गेले. वैनी आमच्या विहिरीवर आल्या. नेहमीसारखा हंडा भरला आणि गेल्या. ते मला सोसले नाही. दादा काही सांगणार नाहीत हे मला माहीत होते. त्यांनी सांगितले असते तर मी कदाचित नाकारले असते. पण ते सांगत नव्हते, म्हणून मला गप्प बसवेना. आपण होऊन अकोल्याला जायचे आणि कबूल करायचे, असे मी ठरवले.

बायको मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने विचारले, "तुमाले बोलावणं आलं काय?"

"नाई."

"मंग काहून जाता?"

"गुन्हा म्या शिकवला."

"पाणी शिंपडाले शिकवलं. तो गुन्हा असंन तं मले बी न्या. या मेथीवर रोज कोण शिंपडते?" तिने जुडीला गाठ मारली. "वैनीच्या घरी आता कोणी करता पुरुष नाई. तुमी बी गेले तं दोनी घरचं पाणी कोण ओढंन, तो सायब?"

मी तरी गेलो. अकोला गाठायला तीन दिवस लागले, आणि तीन दिवस मी काय बोलायचे ते मनात घोकत होतो. शिक्षा झाली तर माझ्या छातीवरचे ओझे उतरेल, असे मला वाटत होते. तुरुंग कसा असतो याची मला कल्पना नव्हती, त्यामुळे ते सोपे वाटत होते.

कचेरीत शिरस्तेदार पुण्याकडचे होते. आमची बोली ऐकली की त्यांच्या कपाळाला आठी पडे, जणू आम्ही भांडायलाच आलो आहोत. त्यांनी विचारले, "तू कोण? साक्षीदार?"

"नाई जी. मी साथीदार."

"कोणाचा?"

मी दादांकडे बोट दाखवले. ते कोपऱ्यात शिपायाशेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे पेरणीच्या वेळी पाहुणे आल्यावर बघतात.

"काय केलंस तू?"

"पाणी देल्लं. आन् शिंपडाले शिकवलं."

"पाणी शिंपडायला शिकवावं लागतं?" शिरस्तेदारांनी विचारले आणि कारकून हसले.

"हो जी. मले दहा वर्सं लागले."

कारकून पुन्हा हसले. शिरस्तेदारांनी हात वर केला. "पैसे किती घेतलेस?"

"काई नाई."

"मालात वाटा?"

"नाई."

"मग तुला मिळालं काय यातून?"

याचे खरे उत्तर मला ठाऊक होते. मला शाबासकी मिळाली होती. पण भर कचेरीत ते तोंडातून निघेना. मी म्हणालो, "तुरीच्या शेंगा." मग खरे बोलायचे म्हणून आलो आहे हे आठवून पुढे म्हणालो, "त्या बी म्या वांगे देऊन फेडल्या."

टेबलामागे गोरे मॅजिस्ट्रेट साहेब बसले होते. त्यांच्यासमोर एका ताटलीत ते कोंब ठेवले होते. साहेबांना त्यांचे फार कौतुक दिसत होते, ते मधूनमधून ताटली वळवून बघत. शिरस्तेदारांनी माझे म्हणणे त्यांना सांगितले. साहेब काहीतरी बोलले. शिरस्तेदारांनी ते मराठीत फिरवले, "साहेब म्हणतात, इतकं एकसारखं पाणी त्यांच्या बंगल्यावरचा माळीसुद्धा घालत नाही." मला तिथे मान खाली घालायला हवी होती. मी दादांकडे पाहिले, आणि आम्हा दोघांच्याही चेहऱ्यावर क्षणभर समाधान होते.

मग शिरस्तेदारांनी कायदा समजावून दिला. मदत करणाऱ्याला करणाऱ्याइतकीच शिक्षा होऊ शकते. आणि मदतनीस सापडला म्हणून करणाऱ्याची शिक्षा कमी होत नाही. म्हणजे माझ्या कबुलीने दादांचा एक दिवसही वाचणार नव्हता. तीन दिवसांच्या वाटेत मी सगळ्याचा विचार केला होता, फक्त एवढ्याचा केला नव्हता.

त्यांनी दादांना विचारले, "याने तुला शिकवलं?"

दादांनी मला खालीवर न्याहाळले. "हा? हा काय शिकवते जी? वांगेवाला हाये. म्या सारं माह्या अकलेनं केलं."

"तो तर म्हणतो, त्यानेच शिकवलं."

"याले मोठेपणाची भूक हाये. गावात कोई विचारत नाई याले."

आता साहेबांना गंमत वाटू लागली होती. दोन माणसे एका गुन्ह्यावर हक्क सांगत आहेत, असे त्यांनी आधी पाहिले नसावे. ते म्हणाले, गुरू असेल तर त्याला चेल्यापेक्षा बरे आले पाहिजे. दोघांनी करून दाखवा. शिपायाने आवारातल्या झाडाचे दोन डहाळे आणले, एक लोटा पाणी आणले, आणि टेबलावर व्यापाऱ्याच्या कोरड्या रुईचे दोन थर पसरले. मी चांगले शिंपडले तर मी साथीदार ठरणार होतो. वाईट शिंपडले तर एक वेडगळ वांगेवाला, ज्याने घरी जावे.

पहिला डहाळा माझ्या हातात दिला.

कचेरीच्या खिडकीतून मागचे आवार दिसत होते. तिथे दोन कैदी मोट हाकत होते. त्यांच्या पायातल्या बेड्या प्रत्येक पावलाला वाजत होत्या. तो आवाज मी आल्यापासून ऐकत होतो, पण तो कशाचा हे मला तेव्हा कळले. मी डहाळा बुडवला. झटकला नाही. मनगट काठीसारखे ताठ धरले आणि जोराने फिरवले. पाण्याचा सपका रुईवर पडला, अर्धा शिरस्तेदारांच्या कागदांवर गेला आणि शाई पसरली.

पुढे मी कित्येकांना सांगितले की माझा हात कापत होता. तो कापत नव्हता. आयुष्यात माझा हात इतका ताब्यात कधीच नव्हता.

कारकून पोट धरून हसले. शिरस्तेदार कागद झटकत मला काहीबाही बोलले. मग डहाळा दादांकडे गेला. त्यांनी तो बुडवला, झटकला आणि हात फिरवला. कोणालाही पाणी पडताना दिसले नाही. साहेबांनी पुढे वाकून रुईला बोट लावले आणि मान हलवली. दादांना सहा महिने सक्तमजुरी झाली. मला शिपायाने दंड धरून फाटकाबाहेर सोडले आणि आपुलकीने सांगितले की घरी जाऊन डोक्याला तेल लाव.

त्या सहा महिन्यांत मी दोन्ही घरचे पाणी ओढले. वैनींच्या दारात रोज हंडे नेऊन ठेवले. गावात माझे नाव झाले. शेजाऱ्यासाठी अकोल्यापर्यंत गेला, स्वतःवर घ्यायला निघाला होता, साहेबानेच ऐकले नाही, असे लोक सांगत. मी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. बायको मात्र एकदा म्हणाली, "दहा वर्सं शिकले आन् ऐन वक्तावर कसं इसरले?" मी म्हणालो, हात कापला. ती मेथी निवडत राहिली.

दादा सुटून आले. पुढे अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला आणि विलायतेला वऱ्हाडाचा विसर पडला. दादा वाळले होते, घोट्यांवर बेडीचे काळे वळ होते, पण बोलणे तसेच मोकळे होते. तुरुंगात त्यांना साहेबांच्या हुकमाने भाजीच्या वाफ्यांवर लावले होते. तिथल्या जमादाराने त्यांच्या हातचा पालक पाहून तोंडात बोट घातले, असे ते गावभर सांगत.

मी त्यांना टाळत होतो. एका दुपारी ते हंडा घेऊन विहिरीवर आले आणि आसपास कोणी नव्हते. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी कचेरीत म्या मुद्दाम वाईट मारलं. भेलो होतो."

दादा पोहरा ओढत होते. थांबले नाहीत. "मले मालूम हाये. इतलं वाईट पाणी कोणाच्यानं चुकून होत नाई. शिरस्तेदाराच्या कागदावर कसा नेम लागला बे तुह्या?"

"तुमी बी वाईट मारलं असतं तं?"

"तं दोघं बी वेडे ठरलो असतो, आन् डोकडे माहेच राहिले असते. सजा चुकली नसती." त्यांनी पोहरा हंड्यात रिकामा केला. "आन् खरं सांगू? सायब पाहून राहिला होता. मले वाईट माराचं मनच झालं नाई."

मी म्हणालो, "अर्धा गुन्हा माह्या हाये, दादा. लोकं मले देवमाणूस म्हणून राहिले. मी उद्या पारावर सारं सांगतो."

तेव्हा ते पहिल्यांदा थांबले. दोर खाली ठेवला. "सांगू नको. सा महिने म्या काढले. बेड्या माह्या पायात होत्या. लोकं म्हणते का अकोल्यात सरकी उगवली तं या माणसाच्या हातानं. तेवढंच तं आलं मले यातून. आता त्यात वाटा मांगाले नको येऊ."

हंडा काठोकाठ भरला होता. तो त्यांच्या डोक्यावर चढवून द्यायला मी हात पुढे केला. त्यांनी हंडा आपल्याकडे ओढून घेतला.

"राहू दे," दादा म्हणाले. "तुह्या मदतीचं मले आता भेव वाटते." आणि एकट्याने तो उचलून, धुरा ओलांडून ते गेले.